दुसऱ्या वर्षी तीन मगरी

बीड जिल्ह्यातल्या एका तरुण दिग्दर्शकानं विचारलंय. गेल्या वर्षी त्यानं मित्रांना जमवून अठरा मिनिटांचा लघुपट केला. कोरड्या पडलेल्या बोअरमध्ये एक जनावर आहे, रात्री शेजारच्या बोअरची मोटार चालू झाली की त्या थरथरीच्या रोखानं ते वर येतं, एवढीच गोष्ट. लोकांना आवडली. आता दुसरा भाग करायचा आहे. दीड लाख रुपये जमलेत आणि सगळ्या मित्रांचं एकच म्हणणं, या खेपेला जनावरं पाच-सहा पाहिजेत. कुणीतरी त्याला 'ट्रेमर्स २: आफ्टरशॉक्स' हा अमेरिकी भयपट बघायला सांगितलं. तो विचारतो, हा चित्रपट खरंच चांगला आहे का, कुठं जमलाय, कुठं फसलाय, आणि त्यातलं आमच्या कामाचं काय?

मी लातुरात तीसेक वर्षं गणपतीचे हलते देखावे करतो. मधली काही वर्षं मुंबईत मालिकांना साप, राक्षस आणि तुटलेले हात-पाय पुरवण्यात गेली. त्यामुळं हे उत्तर समीक्षकाचं नाही, जबडा बनवणाऱ्याचं आहे. जबडा हलतो कसा आणि त्याचं बिल कोण भरतं, हेच मला आधी दिसतं.

चित्रपट चांगला आहे. पहिल्या भागाची सर नाही, पण एकूण दुसऱ्या भागांची जी कळा असते ती पाहता हा फार वरचा. आणि तुमच्यासाठी तर पहिल्यापेक्षाही कामाचा, कारण तो तंगीत केलेला आहे. १९९० च्या पहिल्या भागाला एक कोटी डॉलरच्या आसपास खर्च आला होता. १९९६ च्या दुसऱ्याला सुमारे चाळीस लाख मिळाले, आणि तो थिएटरात न जाता थेट व्हिडिओ कॅसेटवर आला. पहिल्याचा मोठा नट केव्हिन बेकन 'अपोलो १३'मध्ये अडकलेला, म्हणजे तोही नाही. अशा वेळी माणूस काय करतो ते बघण्यासारखं असतं.

पहिला भाग मी कधी पाहिला ते सांगतो, कारण त्याशिवाय मुद्दा कळणार नाही. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून येऊन लोक नुकते झोपले होते. त्या भागात १९९२ पासूनच धक्के बसत होते, पण इतकं होईल असं कुणाच्या मनात नव्हतं. पुढचं वर्षभर लातुरातही कितीतरी घरांत माणसं अंगणात झोपायची. अशातच आम्ही चौघा मित्रांनी व्हीसीआर भाड्यानं आणला आणि एका कॅसेटवर हा पहिला 'ट्रेमर्स' निघाला. वाळवंटातलं मूठभर घरांचं गाव, जमिनीखाली बैलगाडीहून लांब अळ्या. त्यांना डोळे नाहीत, वरच्या पावलांची थरथर त्यांना कळते आणि खालून त्या माणूस ओढून नेतात. पडद्यावर अजून एकही जनावर दिसलं नव्हतं. नुसती माती फुगून सरकत येत होती, नांगराच्या तासासारखी. आमचे चुलते मागं बाजेवर बसले होते. ते उठले, "बंद करा रे ते," म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. आम्ही आवाज बारीक केला, पण बंद काही केला नाही. त्याची लाज आजही वाटते.

चुलत्यांना त्या घरातून उठवायला दात लागले नाहीत, लाळ लागली नाही, नुसती हलणारी माती पुरली. जी गोष्ट दिसतच नाही तिला रबर लागत नाही, मोटार लागत नाही. पहिल्या भागाची सगळी हुशारी तिथं आहे. जिथं जनावर दाखवायचं तिथं मात्र त्यांनी हात आखडला नाही. ॲलेक गिलिस आणि टॉम वुडरफ यांच्या कंपनीनं हलक्या फोमचं पूर्ण मापाचं धूड ओतलं, चर खणून त्यात पुरलं आणि पुन्हा उकरून काढलं, म्हणजे ते वापरलेलं, मातीत लोळलेलं दिसावं. आपल्याकडं उलट होतं. देखाव्याची मूर्ती नवीकोरी चकचकीत ठेवायची आणि मग जिवंत का वाटत नाही म्हणून डोकं खाजवायचं.

आता दुसरा भाग. लेखक तेच, एस. एस. विल्सन आणि ब्रेंट मॅडॉक. दिग्दर्शन या वेळी विल्सन यांनीच केलं. गोष्ट मेक्सिकोतल्या तेलक्षेत्रात नेली. पहिल्या भागातला अर्ल, म्हणजे फ्रेड वॉर्ड, आता शहामृगं पाळून कंगाल झालाय. कंपनी त्याला मारलेल्या प्रत्येक अळीमागं पन्नास हजार डॉलर द्यायला तयार आहे. सोबत ग्रेडी नावाचा उत्साही पोरगा आणि पुढं बंदुकांचं वेड असलेला बर्ट. हा बर्ट करणारा मायकेल ग्रॉस पहिल्या भागात बाजूचा माणूस होता. मोठा नट गेला म्हणून रडत न बसता त्यांनी बाजूच्याला मधे घेतलं, आणि पुढच्या सगळ्या भागांचा कणा तोच झाला. तसा बाजूचा माणूस तुमच्या लघुपटात आहे का ते बघून ठेवा. माझ्या मते आहे, तो बोअरवाला, जो दोनच मिनिटं दिसतो आणि नारळ ठेवून पाण्याची जागा दाखवतो.

पहिला अर्धा तास मजेचा आहे, पण भीतीचा नाही. रिमोटच्या खेळण्यातल्या गाडीला डायनामाइट बांधायचं, गाडी फिरवायची, अळी तिला गिळते, बटण दाबायचं, ढप्प. एकामागून एक. बघताना हसू येतं. पण ज्या जनावरानं आमच्या चुलत्यांना घराबाहेर काढलं ते आता नगावर मोजलं जातंय. ससे मारल्यासारखी शिकार झाली की भीती संपते. दुसऱ्या भागाचं हे पहिलं दुखणं, आणि ते फक्त या चित्रपटाचं नाही. पहिल्या भागाच्या शेवटी माणसं जनावराला मारायला शिकलेली असतात. दुसरा भाग त्यांना शहाणं ठेवून सुरू होतो आणि प्रेक्षकाच्या पोटातला गोळा विरघळतो.

मग रात्र होते. एक अळी पडून राहिलेली, भयानक ओरडतीये. ओरडणं थांबतं. हे दोघं जवळ जातात तर ती आतून फाटलेली, रिकामी, खोळ उरलेली. यातून काहीतरी बाहेर पडून गेलंय. सगळ्या चित्रपटात हीच जागा मला सगळ्यात जास्त आवडते, आणि खर्चाच्या हिशेबानं ती फुकटात पडलेली आहे. एक मेलेलं, न हलणारं धूड. केबल नाही, मोटार नाही, वायर नाही. तरी आतापर्यंतचा सगळा शहाणपणा त्या एका खोळीनं खोटा ठरवला.

बाहेर पडलेली जनावरं निराळी आहेत. दोन पायांवर चालणारी, कोंबडीहून मोठी, माणसाच्या कंबरेएवढी. चित्रपटात त्यांना 'श्रीकर', म्हणजे इंग्रजीत किंचाळणारे, म्हणतात. आता बघा लेखकांनी काय केलं. आधीच्या अळीला जमिनीतली थरथर ऐकू यायची, याला अजिबात ऐकू येत नाही. याला फक्त उष्णता दिसते. पण हे लगेच सांगत नाहीत. ही जनावरं आधी गाडीचं इंजिन फाडतात, मग रेडिओचं यंत्र फोडतात. माणसं हादरतात, यांना तर डावपेच कळतात, आपली पळायची वाट आणि निरोपाची वाट दोन्ही तोडली! नंतर उलगडतं की त्यांना काहीच कळत नाही, गरम दिसलं ते फाडलं, इतकंच. ती हुशार वाटत होती कारण ती ठार मूर्ख आहेत. लिहिणाऱ्यानं ही जागा चार वेळा बघावी. एकाही रुपयाचं रबर न वाढवता जनावर दोनदा बदललं, एकदा माणसांच्या डोक्यात, एकदा आपल्या.

आणि ती बंदूक. बर्टकडं एक अवाढव्य, जाड नळीची बंदूक आहे, तिचं त्याला फार कौतुक. शेवटी एका श्रीकरवर तो ती झाडतो. गोळी जनावरातून आरपार जाते, भिंतीतून जाते आणि पलीकडं ज्या गाडीत बसून पळून जायचं होतं तिच्या इंजिनात घुसते. जनावर मेलं, गाडीही मेली. हा विनोद आहे, पण वरून चिकटवलेला नाही. अर्ध्या चित्रपटभर त्या माणसाचा जो हव्यास दाखवला त्याचीच ही पावती. आपल्याकडं भयपटात विनोदासाठी एक वेगळा माणूस ठेवतात, दारुड्या किंवा तोतरा. त्याची गरज नाही. माणूस ज्याच्या जोरावर मिरवतो, त्याच गोष्टीनं त्याला तोंडघशी पाडा.

उष्णतेच्या नियमाचा शेवटी परतावाही मिळतो. श्रीकरांना एका शेडमध्ये कोंडलं जातं, मग कळतं की आत खाण्याचा साठा आहे आणि ही जनावरं खाल्लं की पिल्लं ओकतात. अर्ल अंगावर आग विझवायच्या नळकांड्यातला कार्बन डायऑक्साइड फवारून गारठतो आणि त्यांच्यामधून चालत जातो. नळकांडं भिंतीवर टांगलेलं, कुठल्याही कारखान्यात असतंच. त्यातून नायकाची युक्ती काढायला जनावराचा नियम तेवढा पक्का लागतो.

इथं माझी एक मराठवाडी शंका. परभणीत मे महिन्यात पारा ४४ वर असतो. दुपारी पत्र्याला हात लावला तर फोड येतो, दगड पन्नाशीच्या वर तापतात, आणि माणसाचं अंग आपलं ३७. उष्णता बघणाऱ्या जनावराला तिथं माणूस उठून दिसणारच नाही, दिसला तर उलट गार डागासारखा दिसेल. आणि दिवेलागणीला जमीन निवत निवत अंगाच्या बरोबरीला आली की तेवढा वेळ माणूस गायबच. मेक्सिकोत तापलेल्या पत्र्यांचं काय होतं, हे मला पडद्यावर सापडलं नाही. यात चूक काढायची नाही. उलट हा प्रश्न लेखकानं स्वतःला विचारला असता तर त्याला एक अख्खा प्रसंग फुकट मिळाला असता, संध्याकाळी सुरक्षित आणि रात्र पडेल तसं एकेकजण जनावराला दिसू लागलेला. नियमाच्या कडा चाचपल्या की गोष्ट सापडते.

कमजोर बाजू आता पटापट. गाव हरवलं, हे सगळ्यात मोठं. पहिल्या भागात दुकानदार, शेळ्या-मेंढ्यांवाला, पोरंबाळं, सगळी एकमेकांना ओळखणारी होती, एक गेला तर घर ओकं पडायचं. दुसऱ्यात रिकामं तेलक्षेत्र आहे आणि मरायला पाठवलेले स्थानिक कामगार आहेत, ज्यांची नावंही ध्यानात राहत नाहीत. पैसे वाचवायला पात्रं कमी केली ते मला समजतं, पण मरणारा माणूस कोण होता हे सांगायला पैसे लागत नाहीत. बाईचं पात्र भूगर्भशास्त्रज्ञाचं, हेलन शेव्हरनं केलंय नीट, पण तिचा भूतकाळ केवळ नायकाच्या गुदगुल्यांसाठी वापरलाय. शिळा प्रकार.

आणि संगणकावरची जनावरं. जवळून दिसणारे श्रीकर गिलिस-वुडरफच्या बाहुल्या आहेत, पळणारे आणि उड्या मारणारे फिल टिपेटच्या स्टुडिओतले. टिपेट म्हणजे 'ज्युरासिक पार्क'च्या डायनासोरांना चालायला शिकवणारा माणूस, कौशल्याची कमी नाहीच. पण चाळीस लाखांत डायनासोर होत नाही. पळणाऱ्या श्रीकरचा पाय जमिनीला टेकतो आणि जमीन दबत नाही. धूळ जागची हलत नाही. बाहुली मात्र मान वळवताना किंचित अडखळते, आणि त्या अडखळण्यात ती जिवंत होते.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. एका मंडळाला मी गजेंद्रमोक्षाचा देखावा करून दिला होता. हत्ती, विष्णू आणि एक मगर. मगरीचा जबडा व्हॅनच्या जुन्या वायपर मोटारीवर, बारा व्होल्टच्या. लोकांनी रांगा लावल्या. दुसऱ्या वर्षी कार्यकर्ते आले, "मामा, औंदा तीन मगरी पाहिजेत, बजेट तेवढंच." मी हो म्हणालो, कारण मलाही वाटलं की तीन म्हणजे तिप्पट. तिन्ही मोटारी एकाच वेगाच्या. पहिल्या रात्री तिन्ही जबडे एका तालात उघडायचे, एका तालात मिटायचे, लेझीम पथकासारखे. एक पोरगं आईला म्हणालं, "मगरी भजन म्हणतायत." रांगेत हशा. भक्त हसताहेत आणि विष्णू चक्र घेऊन उभा.

तिसऱ्या रात्री मी दोन मगरींच्या वायरी काढल्या. त्यांना मागं अंधारात ढकललं, वर हिरवं गोणपाट टाकलं, नाकपुड्या तेवढ्या बाहेर. पुढच्या मगरीचीही मोटार काढून सायकलची ब्रेक केबल लावली आणि पडद्यामागं मंडळाचं एक चलाख पोरगं बसवलं. ते फटीतून बघायचं. कुणी दोरीवर वाकलं की थांबायचं, अजून वाकलं की थांबायचं, आणि मग खाट्कन. त्या वर्षी देखाव्यापुढं किंकाळ्या ऐकू येत होत्या. मागच्या दोन न हलणाऱ्या मगरींबद्दल मला पुढं कितीजणांनी विचारलं, त्या कधी हलतात हो?

म्हणून मित्रांना सांगा, पाच-सहा जनावरं मिळतील, पण जिवंत एकच. बाकीच्यांची कात दाखवा. तुमच्याकडं पहिल्या भागाचा पीओपीचा साचा असेलच. त्यात ब्रशनं लेटेक्सचे, म्हणजे पातळ रबराचे, पाच-सहा हात मारा, प्रत्येक हात पूर्ण सुकू द्या, मे महिन्यात उन्हाला ठेवलं तर वेळ लागत नाही. टाल्कम पावडर मारून सोलून काढा, नाहीतर ते स्वतःलाच चिकटतं आणि सुटत नाही. चहाचं पाणी आणि काळी माती चोळा. एका साच्यातून पाच काती निघतील, एकेक कापून-जोडून लहानमोठी करा. तुमचं जनावर बोअरमध्ये राहतं ना? बोअरची केसिंग पाइप साडेसहा इंची. पहिली कात केसिंगच्या तोंडाशी अडकलेली, मनगटाएवढी. दुसरी बांधावर, मांडीएवढी. तिसरी कडब्याच्या गंजीत, आणि ती फुगवून गोल केली तर हातभर जाड. म्हणजे ते आता बोअरमध्ये मावत नाही. म्हणजे ते वर आहे. हे पात्रांनी बोलायचं नाही, नुसती कात मोजायची.

नियम बदलायचा तर तोही आपल्या जमिनीतून काढा. तुमच्या पहिल्या भागात ते मोटारीच्या थरथरीवर येतं, आणि शेतीची वीज रात्रीच्या पाळीला आली की माणसाला मोटार चालू करायला जावंच लागतं, हे तुम्ही फार छान पकडलंय. आता दुष्काळ पडू द्या. सगळेच बोअर आटले, मोटारी बंद, थरथर नाही. गाव म्हणतं जनावर मेलं. पण ते तहानलेलं आहे आणि आता त्याला ओल कळते. ज्या गावात टँकर येतो, ज्या मराठवाड्यात लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं एप्रिलमध्ये ओल असते कशात? घागरीत, टँकरच्या नळीखालच्या चिखलात आणि घामेजलेल्या माणसात. अर्लच्या नळकांड्याच्या जागी आपल्या चुलीतली राख. अंगाला राख फासून कोरडा झालेला म्हातारा त्याच्या शेजारून चालत जातोय आणि कपाळावर घामाचा एक थेंब फुटतोय, एवढ्यावर तुमची शेवटची दोन मिनिटं निघतील.

जमिनीखालून सरकत येणारं जनावर मात्र सगळीकडं दाखवू नका, गावातले लोकच हसतील. आपल्याकडं विहीर खणलेल्या कुणालाही विचारा, वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण, जिथं सुरुंगाशिवाय भागत नाही. मांजरा-तेरणा नद्यांच्या काठची गाळाची मळई असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर त्याला बोअरमधून बोअरमध्येच फिरवा.

दीड लाखातला मोठा वाटा आवाजाला द्या. श्रीकरचं अर्धं भय त्याच्या किंकाळीत आहे. वाळलेला ज्वारीचा कडबा माइकजवळ सावकाश मोडा, हाडं मोडल्यासारखं वाटतं. दहा फुटी पीव्हीसी पाइपच्या एका टोकाला माइक ठेवून दुसऱ्या टोकातून श्वास ओढा, श्वास सोडताना नाही, ओढताना. बोअरमधून तेच ऐकू यायला हवं.

माझ्या पत्र्याच्या शेडात त्या पुढच्या मगरीचं डोकं अजून पडून आहे. दात काढले आणि थूथन आखूड कापलं तर तुमच्या कामाचं होईल. येऊन घेऊन जा. ब्रेक केबल गंजलीय, ती नवी टाका, आणि जबड्याची स्प्रिंग जरा सैल करून घ्या, ती घाई करते.